‘हाई तुनी कोन लागस?’ : खान्देशातल्या समलिंगी जोडप्यांनी करून ठेवायचे कागद

खान्देशात नवं माणूस घरात दिसलं की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न येतो: ‘हाई तुनी कोन लागस?’ ही तुझी कोण लागते? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), कानबाईच्या रोटांना, लग्नाच्या पंगतीत आम्ही दोघींनी याची नाना उत्तरं दिली. मैत्रीण, शाळेतली सहकारी, भाडेकरू. सगळी खपून गेली. मग २०१९च्या पावसाळ्यात हाच प्रश्न जळगावातल्या एका खासगी दवाखान्याच्या छापील फॉर्मवर समोर आला. माझ्या जोडीदाराचं पोटाचं ऑपरेशन होतं, तिला आत नेलं होतं आणि ‘रुग्णाशी नातं’ हा रकाना रिकामा होता. मी घाबरून ‘बहीण’ लिहिलं आणि सही केली. संध्याकाळी तिचा भाऊ पाचोऱ्याहून आला. काउंटरवरची मुलगी सहज म्हणाली, ‘तुमच्या बहिणीनं सही केलीय.’ तो म्हणाला, ‘कोणती बहीण? आम्हाला एकच आहे, ती आत आहे.’ पुढचे तीन दिवस मला वॉर्डात सोडलं नाही. ती शुद्धीवर आल्यावर माझं नाव घेत होती, हे मला एका नर्सकडून कळलं.

त्यानंतरच्या वर्षभरात आम्ही एका वकीलताईंच्या मदतीनं एकेक कागद केला. काय केलं, कुठं अडलं, कोणत्या क्रमानं करावं, ते लिहिते आहे. पहिला नियम त्या फॉर्मनंच शिकवला: कोणत्याही कागदावर खोटं नातं लिहू नका. ‘जोडीदार’ लिहायची हिंमत नसेल तर ‘मैत्रीण’ किंवा ‘मित्र’ लिहा, ते खरं आहे. ‘बहीण’, ‘चुलतभाऊ’ लिहिलंत तर ज्या दिवशी तुमचे घरचे विरोधात उभे राहतील, त्या दिवशी तो एक शब्द तुमचे बाकीचे खरे कागदही संशयात टाकेल.

आधी कायदा कुठं आहे ते नीट समजून घ्या

सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ला नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. एकत्र राहणं गुन्हा नाही, घर भाड्यानं घेणं गुन्हा नाही. पण १७ ऑक्टोबर २०२३च्या सुप्रियो निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं लग्नाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही. लग्नाऐवजी नागरी सहजीवनाला तरी मान्यता मिळावी, या मताचे दोनच न्यायमूर्ती होते. तिघांनी तेही नाकारलं. जानेवारी २०२५मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणून १९५४च्या विशेष विवाह कायद्याचा अर्ज घेऊन दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया निबंधकाकडे गेल्या तर अर्ज नोंदला जाणार नाही. नेदरलँड्समध्ये २००१पासून, तैवानमध्ये २०१९पासून आणि थायलंडमध्ये जानेवारी २०२५पासून असं लग्न होतं. पण तिथं लग्न करून आलात तरी इथल्या तलाठ्याकडे किंवा बँकेत त्या दाखल्यावर नवरा-बायकोचे हक्क मिळत नाहीत. त्यासाठी कर्ज काढून तिकडे जाऊ नका.

एक अपवाद मात्र मोठा आहे. जोडीदारांपैकी एक जण ट्रान्स असेल आणि नातं स्त्री-पुरुष असं असेल, तर सध्याच्या विवाह कायद्यांखाली लग्न करता येतं, हे सुप्रियो निकालातच सांगितलंय. त्यासाठी आधी ओळखपत्रांवरचं नाव आणि लिंग एकसारखं करून घ्या. विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते, हेही लक्षात ठेवा. घरच्यांपासून धोका असेल तर अर्ज करण्याआधी वकिलाशी बोला.

बाकीच्यांना एकच वाट उरते. लग्नाच्या एका दाखल्यानं जे आपोआप मिळतं, ते एकेका कागदानं मिळवायचं. सगळं मिळत नाही. पण जे मिळतं ते थोडं नाही.

पहिलं काम: एक पत्ता, दोन नावं

सुरुवात इथून करा, कारण हे सगळ्यात सोपं आहे आणि पुढचं सगळं यावर उभं राहतं. भाड्याचं घर असेल तर अकरा महिन्यांच्या करारात दोघांची नावं भाडेकरू म्हणून घाला. महाराष्ट्रात हा करार लेखी करून नोंदवणं १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं सक्तीचं आहे. आता ती नोंदणी ऑनलाइन होते, बोटांचे ठसे घ्यायला एजंट घरी येतो. एकाच्याच नावावर करार असेल आणि त्याला काही झालं, तर दुसरा त्या घरात पाहुणा ठरतो. मग त्या करारावर दोघांच्या आधारचा पत्ता बदलून घ्या.

त्यानंतर रेशनकार्ड. २०२४मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना कळवलंय की रेशनकार्डासाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत हे सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही. त्या पत्राची झेरॉक्स सोबत न्या, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी ‘होत नाही’ ऐकून परत येऊ नका; नकार द्यायचा तर तो लेखी मागा.

दवाखाना

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथं असतो. आम्हालाही वाटलं होतं की कुलमुखत्यारपत्र केलं की झालं. तसं नाही. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती भानावर नसली, तिची निर्णयक्षमता गेली, की ते मुखत्यारपत्र थांबतं. मृत्यूबरोबर तर संपतंच. बँकेची कामं, वीजबिल, सरकारी कचेऱ्या यांसाठी ते उपयोगी आहे. अतिदक्षता विभागाच्या दारात नाही.

तिथं तीन वेगळे कागद लागतात.

पहिला तुम्ही स्वतः एका साध्या कागदावर लिहायचा. शुद्धीत असलेल्या प्रौढ रुग्णाची स्वतःची संमतीच कायद्यानं पुरेशी असते. भावाची, बापाची सही लागत नाही. म्हणून भरती होतानाच लिहून द्या: ‘माझ्या प्रकृतीची माहिती अमुक व्यक्तीला द्यावी, तिला मला भेटू द्यावं, मी बोलू शकत नसेन तेव्हा आधी तिच्याशी बोलावं.’ खाली सही, तारीख. एक प्रत केसपेपरला लावून घ्या, दुसरीवर दवाखान्याचा शिक्का. २०२२मध्ये तिचं दुसरं, छोटं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही हे केलं. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘बरं झालं लिहून दिलंत. नाहीतर कोणाला फोन करायचा हेच आम्हाला कळत नाही.’ एवढंच. तीन वर्षं मनात धरलेली भीती त्या एका वाक्यात उतरली.

दुसरा कागद आगाऊ वैद्यकीय सूचनापत्राचा, ज्याला लोक लिव्हिंग विल म्हणतात. २०१८च्या कॉमन कॉज निकालानं त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३मध्ये न्यायालयानं पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. बरं होण्याची आशा उरली नसेल तेव्हा यंत्रांवर ठेवायचं की नाही, हे तुमच्या वतीनं कोणी सांगायचं, त्याचं नाव त्यात असतं. तिथं जोडीदाराचं नाव लिहिता येतं. एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. हे पत्र फक्त त्या शेवटच्या अवस्थेसाठी आहे, रोजच्या उपचारांसाठी नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

तिसरा कागद फार कमी जणांना माहीत आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १४नुसार कोणतीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईकच असावा अशी अट नाही. हा कागद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘हिला वेड लागलंय, दाखल करा’ म्हणत मुलींना डॉक्टरकडे नेणारी घरं आपल्याकडे आहेत. समलिंगी असणं हा आजार नाही, आणि ते ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरचं ते वागणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२मध्येच गैरवर्तन ठरवलं आहे.

मृत्यूनंतरचंही एक सांगून ठेवते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ऑगस्ट २०२४मध्ये राज्यांना कळवलंय की जवळचे नातेवाईक नसतील किंवा उपलब्ध नसतील, तर मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात द्यावा. नातेवाईक हजर असतील तर मात्र हे पत्र फारसं कामाला येत नाही.

बँक, विमा, पीएफ

जोड खातं काढायला अडचण नाही. केंद्राच्या वित्तीय सेवा विभागानं २८ ऑगस्ट २०२४ला स्पष्ट केलं की समलिंगी व्यक्तींना जोड खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही बंदी नाही. खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं घ्या, म्हणजे एक गेला तरी दुसऱ्याला पैसे काढता येतात. १ नोव्हेंबर २०२५पासून एका बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. आई आणि जोडीदार दोघांनाही टक्केवारी लिहून घालता येतं. आईचं नाव काढायचं कसं, या पेचात अडकलेल्या कितीतरी जणांची त्यानं सुटका झाली.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, हक्क वारसांचा राहतो, असं न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलंय. शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३मध्येही. आयुर्विम्यात २०१५पासून आईवडील, नवरा-बायको आणि मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात, जोडीदाराला ते संरक्षण नाही. म्हणून नॉमिनेशनच्या जोडीला मृत्युपत्र लागतंच.

पीएफमध्ये नियम आणखी आवळलेले आहेत. योजनेच्या व्याख्येतलं कुटुंब असेल, आणि त्यात अवलंबून असलेले आईवडीलही येतात, तर बाहेरच्याला नॉमिनी करता येत नाही. तिथं डोकं आपटू नका. पीपीएफ किंवा बँकेची ठेव वेगळी करा.

मृत्युपत्र: इथं घाई नको, पण टाळाटाळही नको

मृत्युपत्र नसेल तर काय होतं? हिंदू पुरुष गेला तर १९५६च्या वारसा कायद्यानं सगळं आई, मुलं आणि बायको असल्यास तिच्याकडे जातं. ते नसतील तर बाप, मग भावंडं. अविवाहित स्त्रीचं आईवडिलांकडे जातं. वीस वर्षं एकाच चुलीवर जेवलेल्या माणसाचं नाव त्या यादीत कुठंच नाही. पुतण्या येऊन कुलूप लावू शकतो.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या अक्षरातही चालतं. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३प्रमाणे तुम्ही सही करायची आणि दोन साक्षीदारांनी तुमच्यासमोर सही करायची, हा त्याचा कणा. बाकी सगळी काळजी आहे, आणि आपल्याला ती इतरांपेक्षा दुप्पट घ्यावी लागते, कारण आपलं मृत्युपत्र घरच्यांकडून कोर्टात ओढलं जाण्याची शक्यता जास्त.

त्यामुळे असं करा. साक्षीदार तुमच्याहून वयानं लहान, तब्येतीनं धडधाकट आणि गावातच राहणारे घ्या. कोर्टात उभं राहायची वेळ आली तर ते हयात हवेत. एक साक्षीदार डॉक्टर मिळाला तर उत्तम. त्याच दिवशीचा त्यांचा ‘मन स्वस्थ आहे’ असा दाखला जोडा. ज्याला मालमत्ता द्यायची, त्यानं साक्षीदार व्हायचं नाही आणि त्या दिवशी कचेरीतही यायचं नाही. ‘हिनंच बसवून लिहून घेतलं’ हा आरोप पहिला येतो. मी तिच्या मृत्युपत्राच्या दिवशी घरी कळण्याच्या भाकरी थापत होते, आणि ती माझ्या दिवशी शाळेत तास घेत होती. मालमत्ता मोघम लिहू नका: गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, खातेनंबरचे शेवटचे आकडे, सगळं. आणि भावंडांना का वगळलं तेही दोन ओळींत, शिवीगाळ न करता लिहा. ‘भावाला वडिलांनी जळगावचा प्लॉट दिला आहे, त्याचं भागलं आहे’ एवढं पुरतं.

नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे जाऊन करून घ्या. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल तुमच्या हयातीत तुमच्याशिवाय इतरांना मिळत नाही, त्यामुळे गावात बोभाटा होईल ही भीती नको. तरीही धास्ती वाटत असेल तर बंद पाकिटात मोहोर लावून जिल्हा निबंधकाकडे ठेवायची सोयही कायद्यात आहे. खान्देशातल्या मालमत्तेसाठी मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब, घ्यावंच लागतं असं नाही.

मुस्लिम जोडीदारांसाठी नियम वेगळा आहे: वारस नसलेल्याला मृत्युपत्रानं सर्वसाधारणपणे एक तृतीयांशच देता येतं, त्यापुढे वारसांची संमती लागते.

आता शेती. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात असो की शहाद्याकडच्या काळ्या जमिनीत, खरं भांडण सातबाऱ्यावर होतं. वडिलोपार्जित जमिनीतला स्वतःचा हिस्सा हिंदू व्यक्तीला मृत्युपत्रानं देता येतो. मुलींनाही तो हिस्सा आहे. पण घेणारा शेतकरी नसेल तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येऊ शकतं. तुमच्या जोडीदाराच्या नावावर आधीपासून गुंठाभर तरी शेती आहे का, ते पाहा. नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा या भागात जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अमुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासी जोडीदाराकडे जात नाही. हा कायदा आदिवासींच्या जमिनी वाचवायला आहे आणि तो तसाच राहायला हवा. माझा सल्ला असा की शेती भावंडांना जाऊ द्या. जोडीदाराला घर, ठेव आणि विमा मिळेल अशी मांडणी करा. जमिनीसाठी कोर्टात वीस वर्षं जातात, ठेवीचा प्रश्न त्याहून लवकर सुटतो.

हयातीतच बक्षीसपत्र करावं का? महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक २०० रुपये. तुम्हाला ती सवलत नाही, पूर्ण मुद्रांक शुल्क बसतं. वर आयकर कायद्याच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत तुमचा जोडीदार नाही, म्हणून पन्नास हजारांवरच्या भेटीवर घेणाऱ्याला कर लागतो. या भेदभावाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय. तोवर मोठ्या रकमा एकमेकांच्या खात्यात ‘भेट’ म्हणून टाकू नका. घर घ्यायचं असेल तर पहिल्यापासूनच खरेदीखतात दोघांची नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहा. गृहकर्जाला बँका सहसा जवळचाच नातेवाईक सहकर्जदार घेतात, तेव्हा बँक निवडण्याआधी दोन-तीन ठिकाणी विचारा. फ्लॅट असेल तर सोसायटीत नॉमिनेशन फॉर्म भरायला विसरू नका. मालक गेल्यावर सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते आणि वारसाचा निकाल लागेपर्यंत घराचं दार उघडं राहतं.

घरचे ओढून न्यायला आले तर

हा भाग तरुण जोडप्यांसाठी. दोघंही अठरा पूर्ण असाल तर कोणाबरोबर राहायचं हा तुमचा निर्णय आहे. घर सोडताना दहावीची सनद, आधार, पॅन, बँक पासबुक, सगळं मूळ न्या. घरातलं सोनं नेऊ नका, आईनं तुमच्यासाठीच केलेलं असलं तरी. ‘हरवली आहे’ या तक्रारीच्या मागोमाग चोरीची तक्रार येते. निघाल्याच्या दिवशीच ‘मी स्वखुशीनं घर सोडलं आहे, मला कोणी पळवलेलं नाही’ असं पत्र जन्मतारखेच्या पुराव्यासह, दोन्ही बाजूंच्या पोलीस ठाण्यांना आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा. पावती जपा. ठाण्यात बोलावलं तर वकील घेऊन जा आणि जबाब वाचल्याशिवाय सही करू नका.

एकाला घरात कोंडलं असेल तर दुसऱ्यानं धाव घ्यायची ती उच्च न्यायालयात. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाखाली येतात. सर्वोच्च न्यायालयानं ११ मार्च २०२४ला देवू नायर प्रकरणात सगळ्या उच्च न्यायालयांना बजावलंय की अशा याचिका तातडीनं घ्या, कोंडलेल्या व्यक्तीशी एकांतात बोला, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवायचा प्रयत्न करू नका. मद्रास उच्च न्यायालयानं मे २०२५मध्ये दोन तरुणींच्या प्रकरणात म्हटलं की कुटुंब फक्त लग्नानंच बनतं असं नाही.

खंडपीठ लांब वाटतं, पण आपल्या भागातल्या माणसांना तिथून न्याय मिळालेला आहे. जळगावजवळच्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील या ट्रान्स उमेदवाराचा अर्ज ग्रामपंचायत निवडणुकीत बाद झाला होता. जानेवारी २०२१मध्ये याच खंडपीठानं त्यांना स्त्री म्हणून लढू दिलं, आणि गावानं त्यांना निवडून दिलं.

वकिलाच्या पैशांची सोय नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमातींना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. फोन १५१००. मन फारच खचलं असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरावर मराठीत बोलता येतं.

फाईल

सगळे कागद झाले की त्यांच्या दोन झेरॉक्स काढा. मूळ कागद घरात एकाच जागी ठेवा, आणि ती जागा दोघांनाही माहीत हवी. एक संच वकिलाकडे, एक अशा माणसाकडे जो रात्री दोनला फोन उचलेल. पहिल्या पानावर एकाच कागदावर लिहा: रक्तगट, चालू गोळ्या, डॉक्टरांचा नंबर, आणि कोणाला आधी कळवायचं. दर आखाजीला आम्ही फाईल काढून बसतो, नॉमिनीची नावं, पत्ते, साक्षीदार हयात आहेत का, पाहून घेतो. मागच्या वर्षी एक साक्षीदार काका गेले. नवा साक्षीदार शोधायचा होता. तिचा तो पाचोऱ्याचा भाऊ दुपारी पुरणाचे मांडे घेऊन आला होता, ओट्यावर बसून आमचं ऐकत होता. त्यानं पेन मागितला. वकीलताईंनी नंतर सांगितलं की वगळलेल्या वारसाचीच साक्ष असली तर मृत्युपत्र फार भक्कम होतं.